पाणी कोणी बाटवले? चवदार तळे ते लष्करी तळ

आम्ही भोर-वेल्ह्याची माणसे. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. दुसऱ्या बाजूला वेल्ह्याच्या (आता राजगड तालुका) डोंगरातली आंबी आणि मोसे पानशेत-वरसगावला अडवली जाते आणि तिचे पाणी खडकवासल्याला जाते. खडकवासल्याचे धरण इंग्रजांनी १८७९ साली पूर्ण केले, ते शेतीसाठी, पुणे शहरासाठी आणि खडकीच्या छावणीसाठीही. म्हणजे आमच्या एका अंगाला चवदार तळे आणि दुसऱ्या अंगाला लष्कराची छावणी. या दोन टोकांना जोडणारा एक प्रश्न आम्हाला इथे मांडायचा आहे: पाणी बाटते म्हणजे नेमके काय होते?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्याआधी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला होता आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले असल्याचे जाहीरही केले होते. तरीही लोकांची डोकी फोडली गेली आणि मग सनातन्यांनी तळ्याची 'शुद्धी' केली. शेण, गोमूत्र, दूध, दही यांची १०८ घागरी मिसळण पाण्यात ओतली. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटले आणि शेणाने ते शुद्ध झाले! पाण्यावरचा आमचा हक्क न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडावे लागले.

या व्यवस्थेला पाण्याच्या शुद्धतेची चाड होती असे कुणी म्हणत असेल, तर त्याने एवढेच पाहावे, की पाण्यात खरे विष उतरते तेव्हा १०८ घागरी घेऊन कोण धावतो?

खऱ्या विषाची सर्वांत जास्त कागदपत्रे असलेली कहाणी अमेरिकेतली आहे. उत्तर कॅरोलायना राज्यात मरीन दलाचा कॅम्प लेजून हा मोठा तळ आहे. १९४२ ते १९४९ या काळात तिथे मॉन्टफर्ड पॉइंट नावाची वेगळी छावणी होती. सुमारे २० हजार काळ्या मरीन सैनिकांना तिथे गोऱ्यांपासून अलग ठेवून शिकवले गेले. देशासाठी मरायला चालतात, पण शेजारच्या बराकीत चालत नाहीत, हा न्याय आपल्याला नवा नाही.

ती वेगळी छावणी संपली आणि काही वर्षांतच त्या तळाच्या पाण्यात विष उतरले. १९५३ ते १९८७ पर्यंत तिथल्या नळांतून येणाऱ्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन, पर्क्लोरोएथिलीन, बेन्झीन अशी रसायने होती. यंत्रांवरचे वंगण काढायला वापरलेले द्रव, जमिनीखालच्या गळक्या टाक्यांतले इंधन आणि तळाच्या कुंपणाबाहेरच्या ड्रायक्लीनिंग दुकानाचा कचरा जमिनीत मुरला आणि विहिरींत पोचला. १९८२ च्या मे महिन्यात हॅडनॉट पॉइंटच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन लिटरला १,४०० मायक्रोग्रॅम निघाले. पुढे ठरलेली मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे २८० पट!

इशारे १९८० पासून मिळत होते. सर्वांत दूषित विहिरी मात्र १९८४ च्या अखेरीस आणि १९८५ च्या सुरुवातीला बंद झाल्या. बचाव काय केला? त्या रसायनांची कायदेशीर मर्यादा तेव्हा ठरलेलीच नव्हती! जे यादीत नाही ते विष नाही, असा हा सरकारी तर्क. तळावर राहिलेल्या जेरी एन्समिंगर या मरीन सार्जंटची मुलगी जेनी १९८५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली. ती ९ वर्षांची होती. पाण्याची गोष्ट बापाला कळली ती १९९७ मध्ये, टीव्हीवरच्या बातमीतून. त्यानंतर तो आणि त्याच्यासारखे इतर लढत राहिले. २०१२ मध्ये उपचारांचा कायदा झाला आणि २०२२ मध्ये नुकसानभरपाईसाठी न्यायालयात जाण्याचा. दूषित पाण्याच्या संपर्कात आलेल्यांची संख्या १० लाखांपर्यंत जाते असे तिथली सरकारी आरोग्य यंत्रणाच मानते.

विषाला जात नसते, रंगही नसतो. पण विषाची माहिती कुणाला द्यायची, हे मात्र नेहमी वर बसलेलाच ठरवतो.

आता खडकीकडे या. दारूगोळा कारखाना तिथे १८६९ पासून आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, हाय एक्स्प्लोझिव्ह फॅक्टरी उभी राहिली. टीएनटीसारखे स्फोटक शुद्ध करताना सोडियम सल्फाइटने धुतात आणि त्यातून लालभडक सांडपाणी निघते. जगभरच्या कारखान्यांत त्याला 'लाल पाणी' हेच नाव आहे. कारखान्याच्या आसपासच्या कासारवाडी-फुगेवाडी भागात विहिरी-बोअरचे पाणी रंगीत आणि दूषित झाल्याच्या रहिवाशांच्या तक्रारी जुन्या आहेत. वेल्ह्यातून स्वच्छ निघालेले पाणी शहरापर्यंत नळाने पोचते, पण ज्याला नळ नाही आणि विहिरीचाच आधार आहे, त्याने काय प्यावे?

इथे कुणीतरी म्हणेलच, की लष्करावर बोलता म्हणजे देशद्रोह. आम्हाला लष्कर शिकवू नका. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते. सैन्यभरती बंद केली तेव्हा पुण्याचे शिवराम जानबा कांबळे १९१० मध्ये अर्ज घेऊन थेट भारतमंत्र्यापर्यंत पोचले. १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली, युद्ध संपताच ती मोडली, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी करावी लागली. छावणीतले पाणी सर्वांत आधी जवान पितो, त्याची बायको पिते, त्याचे लेकरू पिते. त्या पाण्याचा हिशेब मागणे म्हणजे जवानाच्या बाजूने उभे राहणेच आहे.

बाबासाहेबांनी संविधानात कलम १५ आणले. सरकारी पैशाने राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट यांवर कुणालाही धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून अडवता येणार नाही. हा पाणवठ्यापर्यंत जाण्याचा हक्क झाला. त्याचा दुसरा अर्धा भाग अजून आपण मागितलेलाच नाही: त्या पाण्यात काय आहे हे जाणण्याचा हक्क. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये देशाच्या सुरक्षेची सबब आहे हे खरे. पण त्याच कलमात हेही आहे, की जनहित मोठे असेल तर माहिती देता येते. प्यायच्या पाण्याचा तपासणी अहवाल हे कोणत्या शत्रूच्या कामाचे गुपित आहे?

आपल्या गावात पाणी तपासायला जी पेटी येते, ती क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, जंतू अशा गोष्टी सांगते. ट्रायक्लोरोएथिलीन किंवा स्फोटकांचा अंश ती सांगू शकत नाही. म्हणून कारखाना आणि तळ यांच्या भोवतालच्या प्रत्येक विहिरीची तपासणी प्रयोगशाळेत, तिथे वापरलेल्या रसायनांची नावे समोर ठेवून झाली पाहिजे आणि अहवाल मराठीत चावडीवर लागला पाहिजे.

येत्या २० मार्चला महाडला जरूर जाऊ. पण परत आल्यावर ग्रामसभेत, वस्तीच्या बैठकीत उभे राहून एकच विचारू: आमच्या पाण्याचा अहवाल कुठे आहे? चवदार तळ्यावर आपल्या माणसांनी ओंजळ भरली. आता त्या ओंजळीत काय आहे, हे आपणच पाहायचे आहे.

जय भीम.