पुरस्कार, नभोवाणी आणि श्रोता : अमेरिकन कंट्री संगीतातील तीन वाद

१

एखाद्या कलाप्रकारासाठी पुरस्कार देणारी संस्था एकाच वेळी दोन निर्णय देत असते. स्पर्धकांत श्रेष्ठ कोण, हा पहिला निर्णय; तो समारंभपूर्वक जाहीर होतो. स्पर्धेत उभे राहण्यास पात्र कोण, म्हणजेच त्या कलाप्रकाराची हद्द कोठवर, हा दुसरा. तो न बोलता गृहीत धरलेला असतो. पहिल्याविषयी मतभेद झाल्यास थोडी कुरबुर होते व विरते. दुसऱ्याविषयी मतभेद झाला की कलहास तोंड फुटते. अमेरिकेतील कंट्री संगीताच्या इतिहासात अशा कलहांची मालिकाच आढळते. तीपैकी १९७४-७५, २००३-०७ आणि २०२४-२५ या तीन प्रसंगांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या प्रसंगांचे वर्णन सामान्यतः 'परंपरानिष्ठ श्रोते विरुद्ध बाहेरून आलेले कलावंत' असे केले जाते. हे वर्णन सोयीचे असले तरी पुराव्याच्या कसोटीस पुरतेपणी उतरत नाही. तिन्ही प्रसंगी श्रोत्यांच्या नावाने बोलणारे पुष्कळ होते. नभोवाणी केंद्रे त्यांत अग्रभागी होती. परंतु नभोवाणीची भूमिका मात्र दर वेळी बदलत गेली. हा बदल ध्यानात घेतल्यावाचून वादांचा अर्थ लागत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२

कंट्री संगीत म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातील ग्रामीण गोऱ्या लोकांचे संगीत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही ओळख घडविण्यात ध्वनिमुद्रिकांच्या व्यापाराचा वाटा मोठा आहे. १९२० नंतरच्या दशकात कंपन्यांनी दक्षिणेकडील संगीताचे दोन कप्पे पाडले. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी 'रेस' आणि ग्रामीण गोऱ्यांसाठी 'हिलबिली' अशी त्यांची नावे होती. प्रत्यक्षात चाली, वाद्ये व गायनाच्या रीती यांची देवघेव उभय समाजांत चालूच होती. बँजो हे वाद्य तर मुळात आफ्रिकन परंपरेतून आलेले. नॅशव्हिल येथील डब्ल्यूएसएम केंद्राने १९२५ मध्ये सुरू केलेला कार्यक्रम पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' या नावाने विख्यात झाला. त्याच्या आरंभीच्या लोकप्रिय वादकांत डीफर्ड बेली हे कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक होते. १९४१ मध्ये त्यांना कार्यक्रमातून वगळण्यात आले. हद्द आखण्याचे काम अशा रीतीने पुरस्कारांच्या पुष्कळ आधी सुरू झाले होते.

रॉक अँड रोलच्या लाटेपुढे कंट्री संगीताचा धंदा डळमळू लागला, तेव्हा १९५८ मध्ये 'कंट्री म्युझिक असोसिएशन' ही व्यावसायिकांची संस्था स्थापन झाली. पूर्णवेळ कंट्री संगीत वाजविणारी केंद्रे वाढविणे हे तिचे एक प्रमुख उद्दिष्ट होते. १९६१ मध्ये अशी केंद्रे ८१ होती. १९७४ पर्यंत त्यांची संख्या हजारावर गेली. संस्थेचे पुरस्कार १९६७ मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी समारंभ दूरचित्रवाणीवर दिसू लागला. म्हणजे नभोवाणीचा विस्तार आणि पुरस्कार ही एकाच धोरणाची दोन अंगे होत. एवढ्या केंद्रांना जाहिरातदार मिळवावयाचे तर शहरी मध्यमवर्गीय श्रोताही हवा होता. त्यासाठी संगीताचा खडबडीतपणा घासून काढणे क्रमप्राप्त झाले.

या काळातील एक घटना पुढील विवेचनास उपयोगी आहे. चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका १९६६ मध्ये केंद्रांकडे पाठविल्या गेल्या, त्या त्यांच्या छायाचित्राशिवाय. श्रोता त्यांना स्वीकारणार नाही, हे व्यवसायाने आधीच ठरवून टाकले होते. श्रोत्याने मात्र त्यांना स्वीकारले, आणि १९७१ मध्ये असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा सर्वोच्च पुरस्कार त्यांना मिळाला. श्रोत्यांच्या मनाविषयी व्यवसायाने बांधलेला अंदाज आणि श्रोत्यांचे प्रत्यक्ष वर्तन यांत किती अंतर असू शकते, हे यावरून दिसते.

३

१९७४ च्या ऑक्टोबरमध्ये असोसिएशनचा सर्वोत्कृष्ट गायिकेचा पुरस्कार ऑलिव्हिया न्यूटन-जॉन यांना मिळाला. त्या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या व ऑस्ट्रेलियात वाढलेल्या. लॉरेटा लिन आणि डॉली पार्टन यांसारख्या दक्षिणेच्या मातीतल्या गायिका त्यांच्यापुढे मागे पडल्या. पुढच्याच महिन्यात जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट या गायक दांपत्याच्या घरी कलावंतांची बैठक झाली व 'असोसिएशन ऑफ कंट्री एंटरटेनर्स' ही वेगळी संघटना जन्मास आली. लोकप्रिय पॉप संगीत कंट्रीच्या नावावर खपविले जात आहे आणि त्यामुळे अस्सल कलावंतांचा वाटा बुडत आहे, ही तिची मुख्य तक्रार होती.

दुसऱ्या वर्षीच्या समारंभात हा असंतोष साऱ्या देशाने पाहिला. आदल्या वर्षीचे विजेते चार्ली रिच 'एंटरटेनर ऑफ द इयर' चे नाव जाहीर करण्यासाठी उभे होते. पाकिटातून निघालेल्या कागदावर जॉन डेन्व्हर यांचे नाव होते. रिच यांनी खिशातून लायटर काढला आणि तो कागद पेटविला. डेन्व्हर त्या वेळी ऑस्ट्रेलियात होते व उपग्रहाद्वारे समारंभाशी जोडलेले होते.

हे कृत्य पुढे परंपरेच्या रक्षणाचे प्रतीक मानले गेले. परंतु साक्षीपुरावा इतका सरळ नाही. रिच यांनी त्या रात्री मद्य आणि वेदनाशामक औषध या दोहोंचे सेवन केले होते, असे सांगितले जाते. त्यांच्या मुलाने तर ती एक फसलेली थट्टा असल्याचे पुढे म्हटले आहे. शिवाय रिच स्वतः जाझ व ब्लूजकडे झुकलेले गायक होते आणि १९७३ मध्ये त्यांचे गाणे पॉपच्या क्रमवारीतही पहिल्या स्थानी पोहोचले होते. ज्या सरमिसळीचा निषेध त्यांनी केला असे मानले जाते, तिचे ते स्वतःच एक फळ होते. प्रतीक बनलेल्या कृतीचा हेतू प्रतीकावरून ठरवू नये, हा इतिहासाचा साधा नियम येथे विसरला गेला.

या पहिल्या वादात नभोवाणी कोणत्या बाजूस होती? न्यूटन-जॉन आणि डेन्व्हर यांची गाणी कंट्री केंद्रांनीच वर्षानुवर्षे वाजविली होती व श्रोत्यांनी ती ऐकली होती. असोसिएशनच्या मतदारांनी त्या लोकप्रियतेवर शिक्का मारला, एवढेच. दार नभोवाणीने उघडले होते आणि ते लावून घेऊ पाहणारे कलावंत होते. त्या कलावंतांतही एकवाक्यता नव्हती. डॉली पार्टन यांची बहीण स्टेला हिने १९७५ मध्ये न्यूटन-जॉन यांच्या समर्थनार्थ गीत ध्वनिमुद्रित केले. नवी संघटना काही वर्षांतच मावळली. केंद्रांच्या निवडीवर तिचा टिकाऊ परिणाम झाला नाही.

४

दुसऱ्या प्रसंगी वंशपरंपरेचा प्रश्न नव्हता. 'डिक्सी चिक्स' (२०२० पासून 'द चिक्स') हा टेक्सासमधील तीन स्त्रियांचा वाद्यवृंद बँजो व फिडल यांच्यावर उभा होता. तो कंट्री नव्हे असे कोणी म्हणू शकत नव्हते. १० मार्च २००३ रोजी, इराक युद्धाच्या तोंडावर, लंडनमधील कार्यक्रमात गायिका नॅटली मेन्स यांनी अमेरिकेचे अध्यक्ष टेक्सासचे असल्याची आपल्याला लाज वाटते, अशा आशयाचे उद्गार काढले. त्या सप्ताहात त्यांचे गाणे कंट्री क्रमवारीच्या शिखरावर होते. काही दिवसांतच शेकडो केंद्रांनी त्यांची गाणी थांबविली. क्यूम्युलस या कंपनीने आपल्या बेचाळीस कंट्री केंद्रांना तसा आदेशच दिला. लुइझियानात अवजड यंत्राखाली त्यांच्या सीडी चिरडण्यात आल्या. कोलोराडोतील एका केंद्राने, बंदी मोडून गाणी वाजविणाऱ्या दोघा निवेदकांना निलंबित केले. मे महिन्यात 'अकॅडमी ऑफ कंट्री म्युझिक' च्या समारंभात त्यांचे नाव उच्चारताच सभागृहातून हुर्यो उठली.

केंद्रांचे म्हणणे असे की, आम्ही केवळ श्रोत्यांच्या दूरध्वनींचा मान राखला. टीकाकार म्हणाले की, १९९६ च्या कायद्याने केंद्रांच्या मालकीवरील राष्ट्रीय मर्यादा उठल्यामुळे मूठभर कंपन्यांच्या हाती नभोवाणी गेली आणि त्यांनी हा आवाज दाबला. २००३ च्या जुलैमध्ये सेनेटच्या समितीपुढे हा विषय निघाला. समाजशास्त्रज्ञ गेब्रियल रॉसमन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष मात्र टीकाकारांना पूर्णपणे अनुकूल नाही. मोठ्या कंपन्यांच्या केंद्रांनी इतरांहून अधिक बहिष्कार घातला असे एकंदरीत दिसत नाही. स्थानिक जनमताचा दाब खरा होता, असे त्यांना आढळले. म्हणजे येथे श्रोत्यांचा रोष ही कल्पित गोष्ट नव्हती.

परंतु रोष व्यक्त करणारा श्रोता हाच संपूर्ण श्रोतृवर्ग होता काय? २००६ मध्ये आलेला 'टेकिंग द लाँग वे' हा त्यांचा संग्रह पहिल्याच आठवड्यात पाच लाखांहून अधिक खपला आणि सर्व प्रकारच्या संग्रहांत अग्रस्थानी पोहोचला. त्याच वेळी त्यातील प्रमुख गीत कंट्री क्रमवारीत छत्तिसाव्या स्थानावर अडले, कारण ती क्रमवारी तेव्हा केंद्रांवरील वाजवणुकीवर बेतलेली होती. ११ फेब्रुवारी २००७ रोजी ग्रॅमी पुरस्कारांत या वाद्यवृंदास पाचही नामनिर्देशनांत यश मिळाले. वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रह, ध्वनिमुद्रिका आणि गीत हे तिन्ही सन्मान त्यांत होते. ग्रॅमीसाठी संगीताच्या सर्व क्षेत्रांतील व्यावसायिक मत देतात. असोसिएशनचे मतदार कंट्रीच्या व्यवसायातलेच असतात. या भेदामुळे एकीने सन्मानिलेले दुसरीच्या घरात परके राहू शकले. पुरस्कारानंतर ते गीत सर्वसाधारण क्रमवारीत चौथ्या स्थानी चढले. कंट्री केंद्रांनी मात्र आपले धोरण पालटले नाही. १९७४ मध्ये दार उघडणारी नभोवाणी आता दाराशी पहारा देत होती.

५

तिसरा प्रसंग बियॉन्से यांचा. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये असोसिएशनच्या पन्नासाव्या समारंभात त्यांनी डिक्सी चिक्ससमवेत गायन केले, तेव्हा प्रेक्षकांच्या एका वर्गाने तीव्र नापसंती व्यक्त केली. २०२४ च्या मार्चमध्ये 'काउबॉय कार्टर' हा संग्रह प्रसिद्ध करताना, आपले स्वागत झाले नाही अशा एका अनुभवातून तो जन्मला, असे त्यांनी लिहिले. रोख त्या समारंभाकडे आहे असे सर्वत्र समजले गेले. त्याआधी फेब्रुवारीत ओक्लाहोमातील एडा येथील केंद्राने, आपण कंट्री केंद्र असल्यामुळे बियॉन्से वाजवीत नाही, असे उत्तर एका चाहत्यास दिले होते. निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडताच केंद्राने गाणे वाजविण्यास प्रारंभ केला.

क्रमवारीचे आकडे येथे अधिक बोलके आहेत. इंटरनेटवरील श्रवण व विक्री धरून केलेल्या कंट्री क्रमवारीत 'टेक्सास होल्ड एम' हे गाणे पहिले आले. हे स्थान मिळविणाऱ्या बियॉन्से या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. केवळ नभोवाणीच्या कंट्री क्रमवारीत तेच गाणे तेहतिसाव्या स्थानापलीकडे गेले नाही. असोसिएशनने २०२४ मध्ये त्यांना एकही नामनिर्देशन दिले नाही. ग्रॅमीने २ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोत्कृष्ट कंट्री संग्रह व वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रह हे दोन्ही सन्मान दिले. त्यानंतर काही महिन्यांतच ग्रॅमीने कंट्री संग्रहाच्या पुरस्काराचे 'पारंपरिक' आणि 'समकालीन' असे दोन भाग जाहीर केले. त्यामागील कारणांविषयी तर्क अनेक झाले. हद्दीचा प्रश्न पुरस्काराच्या नियमांतच उतरला, एवढे निश्चित.

याच काळातील उलट दिशेचे उदाहरणही विचारात घेतले पाहिजे. वंशद्वेषी शब्द उच्चारल्याबद्दल २०२१ च्या फेब्रुवारीत मोठ्या नभोवाणी कंपन्यांनी मॉर्गन वॉलन यांची गाणी काढून टाकली. तरीही त्यांचा संग्रह सलग दहा आठवडे अग्रस्थानी राहिला; केंद्रांना त्यांना पुन्हा जवळ करावे लागले, आणि २०२४ मध्ये असोसिएशनचा सर्वोच्च पुरस्कार त्यांना मिळाला. २००३ मध्ये नभोवाणीचा बहिष्कार कलावंताला कंट्रीच्या बाजारातून उठवू शकत होता. २०२१ मध्ये ते सामर्थ्य तिच्यापाशी उरले नव्हते.

६

या तीन वादांतून दिसणारा क्रम असा : पहिल्यात नभोवाणीने हद्द रुंदावली, दुसऱ्यात ती राखली, तिसऱ्यात ती राखूनही श्रोते पलीकडे निघून गेले. पुरस्काराने दर वेळी उघडे पाडले ते व्यवसाय, नभोवाणी आणि श्रोते यांच्यातील अंतर. कंट्री संगीत कोणाचे, या प्रश्नाला मातीतून उगवलेले असे एकच उत्तर कधी नव्हते. प्रत्येक पिढीत कोणाच्या तरी हाती मोजमापाचे साधन होते आणि त्याने ते उत्तर लिहिले.

संशोधकाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक सूचना निघते. केंद्राकडे आलेले दूरध्वनी, सभागृहातील हुर्यो, वाजवणुकीची क्रमवारी, विक्रीचे आकडे ही सारी 'लोकमताची' साधने म्हणून एकाच ओळीत मांडली जातात. परंतु दूरध्वनी करतो तो संतापलेला. सभागृहात बसतो तो निमंत्रित. क्रमवारी ठरवितो तो केंद्राचा कार्यक्रमप्रमुख. आणि विकत घेणारा पुष्कळदा मुकाट्याने घेतो. डीफर्ड बेली यांच्या आरंभीच्या श्रोत्यांना त्यांचे वगळणे मान्य होते की नाही, हे कोणी विचारले नाही. लोकसंगीताचा इतिहास लिहिताना प्रत्येक आकड्यापुढे, हा कोणी मोजला व कोणास मोजले नाही, एवढे दोन प्रश्न ठेवले तरी पुष्कळ प्रचलित निष्कर्ष पुन्हा तपासावे लागतील.