घरपट्टी कोणी भरायची? घरमालकाने की भाडेकरूने?

दोंडाईचा (प्रतिनिधी) : मार्चअखेर जवळ आली, की नगरपालिकेची वसुली पथके बाजारपेठेत फिरू लागतात. एखाद्या गाळ्याची घरपट्टी तीन-चार वर्षांपासून थकलेली असते. मूळ मालक सुरतेला वा पुण्याला स्थायिक झालेला असतो आणि नोटीस पडते ती गाळ्यात दुकान थाटून बसलेल्या भाडेकरूच्या हाती. ‘मी दरमहा भाडे देतो, कराशी माझा काय संबंध?’ असा त्याचा सवाल असतो. ‘जागा जो वापरतो, त्यानेच कर भरावा’, असे मालकाचे म्हणणे असते. या वादात कायदा नेमके काय सांगतो, हे दोघांनाही पुरते ठाऊक नसते. त्यातून थकबाकी वाढते, शास्ती चढते आणि प्रसंगी चालत्या दुकानाला टाळे लागण्याची वेळ येते.

प्राथमिक जबाबदारी मालकाची

दोंडाईचा-वरवाडे, शिरपूर यांसारख्या नगरपरिषदांना महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ लागू आहे. धुळे व जळगाव येथे २००३ साली महापालिका स्थापन झाल्या. तेथे १९४९ चा महापालिका अधिनियम चालतो. कायदे दोन असले तरी मूळ सूत्र एकच आहे. जागा भाड्याने दिलेली असेल तर कर भरण्याची प्राथमिक जबाबदारी भाड्याने देणाऱ्याची, म्हणजेच मालकाची. भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवला असेल तर ती वरिष्ठ पट्टेदात्याची आणि जागा रिकामी असेल तर ती भाड्याने देण्याचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याची.

याला महत्त्वाचा अपवाद आहे तो शासनाकडून वा पालिकेकडून थेट भाडेपट्ट्याने घेतलेल्या जागेचा. तेथे प्रत्यक्ष ताबा असलेल्या व्यक्तीवरच कराची प्राथमिक जबाबदारी येते. पालिकेच्या व्यापारी संकुलातील गाळेधारकांनी ही बाब विशेष ध्यानात ठेवावी. पालिकेला द्यायचे गाळाभाडे आणि त्या गाळ्याचा मालमत्ता कर या दोन वेगळ्या बाबी आहेत.

मालकाने न भरल्यास

मालकाने कर भरला नाही तर पालिका भोगवटादाराकडे, म्हणजे जागा ताब्यात असलेल्या भाडेकरूकडे वळू शकते. तथापि संपूर्ण इमारतीची थकबाकी एकाच भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. इमारतीच्या एकूण भाड्यात त्याच्या भाड्याचा जेवढा वाटा, तेवढ्याच प्रमाणात त्याच्याकडून कर मागता येतो.

उदाहरणार्थ, एका इमारतीत तीन गाळे असून त्यांचे मासिक भाडे अनुक्रमे ४ हजार, ३ हजार व ३ हजार रुपये आहे आणि इमारतीची थकबाकी १२ हजार रुपये आहे, असे समजू. एकूण भाडे १० हजार, त्यात पहिल्या गाळेधारकाचा हिस्सा ४० टक्के. त्यामुळे त्याच्याकडे मागता येईल अशी रक्कम ४ हजार ८०० रुपये होते.

महापालिका क्षेत्रात भाडेकरूला आणखी एक संरक्षण आहे. एका वर्षापेक्षा जुनी थकबाकी किंवा तो जागेत राहत नव्हता त्या काळातील कर त्याच्याकडून या मार्गाने वसूल करता येत नाही.

मालकाच्या वाट्याचा कर भाडेकरूने भरला तर ती रक्कम, करारात वेगळे काही ठरलेले नसल्यास, मालकाकडून परत मिळण्यास तो पात्र ठरतो. मात्र यासाठी पालिकेची पावती, बिलाची प्रत आणि मालकाला दिलेले लेखी पत्र जवळ असणे अगत्याचे आहे. तोंडी कळवून परस्पर भाडे कापून घेतल्यास तेच पुढे ‘भाडे थकविले’ म्हणून न्यायालयात मांडले जाण्याचा धोका असतो.

कर वाढला तर?

नगरपरिषदांमध्ये करआकारणीची यादी साधारणतः दर चार वर्षांनी सुधारली जाते. तिलाच चतुर्थ वार्षिक करआकारणी म्हणतात. जागेपासून वर्षाकाठी वाजवीपणे मिळू शकेल असे भाडे धरून, दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढण्याची पद्धत आहे. साहजिकच, स्वतः राहत असलेले घर भाड्याने दिल्यावर त्याची घरपट्टी वाढल्याचा अनुभव अनेक मालकांना येतो.

हा बोजा कोणी सोसायचा, याबाबत महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मार्गदर्शक ठरतो. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेला हा कायदा त्याच्या अनुसूचीतील क्षेत्रांना लागू आहे. शासनाला वा स्थानिक संस्थेला नव्याने द्यावा लागणारा कर अथवा उपकर मालक भाडेवाढीच्या रूपाने घेऊ शकतो, परंतु ती वाढ कराच्या रकमेपेक्षा अधिक असता कामा नये. दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीची तरतूद याहून वेगळी आहे.

घरपट्टीच्या बिलातच राज्य शासनाचा शिक्षण उपकरही येतो. १९६२ च्या कायद्यान्वये आकारला जाणारा हा उपकर मालकाने भरल्यानंतर भाडेकरूकडून वसूल करता येतो. रोजगार हमी उपकर केवळ बिगरनिवासी मालमत्तांवर असतो. म्हणून बिलातील एकूण आकडा न पाहता प्रत्येक रकाना वाचावा.

सुधारित यादीची जाहीर सूचना निघाल्यावर ठरलेल्या मुदतीत हरकत घेता येते. कराराने ज्याच्यावर कराचा भार आहे, अशा भाडेकरूनेही त्या वेळी गप्प राहू नये.

करार काय म्हणतो?

‘भाडे अधिक घरपट्टी’ असा करार करण्यास कायद्याची आडकाठी नाही. व्यापारी गाळ्यांबाबत तशी प्रथाच आहे. परंतु असा करार मालक व भाडेकरू या दोघांपुरताच असतो. भाडेकरूने कर भरायचा, असे लिहिले असले तरी पालिकेच्या दप्तरी मालकाची जबाबदारी संपत नाही. थकबाकीचा बोजा मालमत्तेवर राहतो आणि दरमहा २ टक्के दराने शास्ती वाढत जाते.

भाडेकरूच्या दृष्टीनेही असा करार हलक्याने घेण्याजोगा नाही. प्रमाणभूत भाडे व कायद्याने मान्य केलेली वाढ थकविल्यास जागा खाली करून घेण्याचा दावा होऊ शकतो. त्यासाठी मालकाने आधी नोटीस देऊन ९० दिवस थांबणे आवश्यक आहे. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी वार्षिक १५ टक्के साध्या व्याजासह न्यायालयात भरल्यास त्याला संरक्षण मिळते.

करार लेखी व नोंदणीकृत असावा, ही जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल आणि वाद निर्माण झाला, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून घेतलेला कागद पुरेसा आहे, हा समज मालकांनी सोडून द्यावा.

दोन गैरसमज

भाडेकरूने स्वतः कर भरला तर तो जागेवर हक्क सांगेल, अशी धास्ती अनेक मालकांना वाटते. करआकारणी नोंदवहीतील भोगवटादाराची नोंद किंवा कराची पावती हा मालकी हक्काचा पुरावा नव्हे. दुसरा गैरसमज आयकराचा. भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो तो मालकाने स्वतः त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला पालिकेचा कर. भाडेकरूने सोसलेल्या कराची वजावट मालकाला मिळत नाही.

करारापूर्वी हे पाहा

* पालिकेतून मागील थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा.
* घरपट्टी, पाणीपट्टी व उपकर कोणी भरायचे, हे वेगवेगळे लिहावे.
* पुढे कर वाढल्यास वाढीव रक्कम कोणाची आणि उशीर झाल्यास शास्ती कोणाची, हे नमूद करावे.
* कर भाडेकरूने मालकाकडे द्यायचा असेल तर त्याची स्वतंत्र पावती घ्यावी व पालिकेच्या पावतीची प्रत दरवर्षी मागावी.
* मालक परगावी असल्यास त्याचा सध्याचा पत्ता पालिकेच्या दप्तरी नोंदवावा.

करार करताना या चार ओळी लिहिण्यास फार तर पंधरा मिनिटे लागतात. त्या न लिहिल्यास मालकाची मालमत्ता आणि भाडेकरूचा धंदा, दोन्ही एकाच नोटिशीने अडचणीत येऊ शकतात.