अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड आणि शरीरसौष्ठव: शरीर पाहून निष्कर्ष का काढू नये

मुलगा वर्षभर नेमाने जिमला जातो, दंड भरतात, छाती रुंद होते आणि घरात किंवा शेजारी कुणीतरी म्हणतेच, "हे काही नुसत्या व्यायामाचे नाही, इंजेक्शने घेत असणार." हा संशय कधी खरा असतो, कधी साफ चुकीचा. दोन्ही वेळा परिणाम एकच होतो: तो मुलगा बोलायचे थांबतो. जो घेत नाही तो चिडून, आणि जो घेतो तो घाबरून.

स्टेरॉइडमुळे होणारे बरेचसे नुकसान लवकर लक्षात आले तर आवरता येते. पण त्यासाठी घेणाऱ्याने डॉक्टरांना खरे सांगावे लागते. म्हणून या लेखात औषधांची माहिती आणि शरीरसौष्ठवपटूंबद्दलचे समज या दोन्ही गोष्टी एकत्र घेतल्या आहेत.

नाव एक, औषधे दोन प्रकारची

दमा, संधिवात, अ‍ॅलर्जी, त्वचेचे काही विकार यांवर दिली जाणारी प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, ब्युडेसोनाइड ही औषधे कॉर्टिकोस्टेरॉइड गटातली आहेत. ती सूज कमी करतात. त्यांनी स्नायू वाढत नाहीत. उलट, ती मोठ्या मात्रेत बराच काळ पोटात घेतल्यास स्नायू अशक्त होतात.

जिममध्ये ज्यांची चर्चा असते ती अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड. ही म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक आणि त्याच्यासारखी कृत्रिम रसायने. नँड्रोलोन, स्टॅनोझोलॉल, मेथँडिएनोन, ऑक्सँड्रोलोन, ट्रेनबोलोन ही त्यांतली काही नावे. यांतली काही औषधे वैद्यकीय उपचारातही वापरली जातात, उदाहरणार्थ वृषणांत पुरेसे टेस्टोस्टेरॉन तयार होत नसेल तर. ट्रेनबोलोन मात्र माणसांसाठी नाही, ते जनावरांचे औषध आहे.

हा फरक घरच्यांनी आवर्जून लक्षात ठेवावा. "स्टेरॉइड वाईट असते" असे ऐकून मुलाचा दम्याचा पंप बंद करणारे पालक भेटतात. ही चूक जिवावर बेतू शकते.

व्हे प्रोटीन आणि क्रिएटिन ही स्टेरॉइड नाहीत. व्हे हे दुधातले प्रथिन आहे. क्रिएटिन मांस-मासळीत असते आणि आपले शरीरही ते तयार करते. मात्र डबा कुठला आहे ते पाहावे लागते. २००० ते २००१ या काळात १३ देशांतून घेतलेल्या ६३४ पूरक उत्पादनांची जर्मनीतील कोलोन येथे तपासणी झाली. त्यांपैकी ९४ उत्पादनांत वेष्टनावर न लिहिलेली अ‍ॅनाबॉलिक संप्रेरके सापडली. म्हणजे "मी फक्त पावडर घेतो" असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्याच्या पोटातही नकळत काहीतरी जात असू शकते.

यांनी खरेच स्नायू वाढतात का?

हो, वाढतात. इथे डॉक्टरांचीही एक चूक झाली. स्टेरॉइडचा काही उपयोग होत नाही, असे वैद्यकीय वर्तुळात १९७० च्या दशकापर्यंत सांगितले जाई. व्यायाम करणाऱ्यांना आरशात उलटेच दिसत होते. त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेल्या धोक्यांवरचाही त्यांचा विश्वास उडाला.

१९९६ मध्ये अमेरिकेत डॉ. शलेंदर भसीन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निरोगी पुरुषांना १० आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिले होते. केवळ व्यायाम करणाऱ्यांचे चरबी वगळून असलेले वजन सुमारे २ किलोने वाढले. व्यायाम न करता केवळ औषध घेणाऱ्यांचे सुमारे ३ किलोने आणि दोन्ही करणाऱ्यांचे सुमारे ६ किलोने वाढले. यातून दोन गोष्टी कळतात. औषधाने फरक पडतो, आणि औषध घेणाऱ्यालाही घाम गाळावाच लागतो.

पण त्या अभ्यासात शुद्ध औषध होते, मात्रा ठरलेली होती आणि डॉक्टरांची देखरेख होती. जिममध्ये बहुधा यांतले काहीच नसते. मात्रा बऱ्याचदा याहून जास्त असते, दोन-तीन औषधे एकत्र घेतली जातात आणि कुपीत नक्की काय आहे याचा भरवसा नसतो.

शरीरावर होणारे दुष्परिणाम

* हृदय: रक्तदाब वाढतो, चांगले कोलेस्टेरॉल घटते, हृदयाचा स्नायू जाड होतो. अमेरिकेत वजन उचलणाऱ्या १४० पुरुषांच्या २०१७ मधील अभ्यासात, स्टेरॉइड न घेणाऱ्यांचे हृदय दर ठोक्याला सरासरी ६३ टक्के रक्त बाहेर टाकत होते. दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ५२ टक्के होते.
* रक्त: तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो.
* प्रजनन: बाहेरून संप्रेरक मिळाल्यावर मेंदू वृषणांना काम करण्याचा संदेश देणे थांबवतो. वृषणे आकसतात, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. पुरुषांमध्ये स्तनांची वाढ होऊ शकते आणि ती औषध बंद केल्यावरही राहू शकते.
* यकृत: विशेषतः गोळ्यांमुळे कावीळ होऊ शकते. क्वचित यकृतात गाठी किंवा रक्ताने भरलेल्या पोकळ्या होतात.
* मूत्रपिंड: काहींच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागतात.
* किशोरवय: हाडांची वाढ वेळेआधी थांबून उंची खुंटते.
* स्त्रिया: आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर केस येतात, पाळी अनियमित होते. आवाजातला बदल बहुधा कायमचा असतो.
* सुई: एकमेकांची सुई किंवा कुपी वापरल्यास हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीची लागण होऊ शकते. इंजेक्शनच्या जागी पू होऊ शकतो.

स्टेरॉइडसोबत काही जण इन्सुलिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा मेफेन्टरमिन हे रक्तदाब वाढवणारे इंजेक्शनही घेतात. ही स्टेरॉइड नाहीत, पण यांचा धोका काही तासांत जिवावर येऊ शकतो.

समज आणि वस्तुस्थिती

"एवढे शरीर औषधाशिवाय होतच नाही." आनुवंशिकता, व्यायामाची वर्षे, आहार, झोप यांमुळे दोघांच्या शरीरात प्रचंड फरक पडतो. मेथँडिएनोनची गोळी बाजारात आली १९५८ मध्ये. बंगालचे मनोहर आईच यांनी आपल्या उंचीच्या गटात मिस्टर युनिव्हर्स किताब जिंकला तो त्याआधी, १९५२ मध्ये. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते १०४ वर्षांचे होते. आज स्पर्धांमध्ये औषधांचा वापर होतो हे खरे आहे. पण एखादी विशिष्ट व्यक्ती घेते की नाही, हे नजरेने ठरवता येत नाही.

"साधाच दिसतो, तो कशाला घेईल?" स्पर्धेत कधीच न उतरणारे, केवळ चांगले दिसावे म्हणून घेणारे बरेच असतात. २०१४ मध्ये जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यानुसार सुमारे ६.४ टक्के पुरुषांनी आयुष्यात कधीतरी ही औषधे घेतली होती.

"स्टेरॉइड घेणारा मारकुटा होतो." काहींमध्ये चिडचिड आणि आक्रमकता खरेच वाढते. पण २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ५० पुरुषांना आठवड्याला ६०० मिलिग्रॅमपर्यंत टेस्टोस्टेरॉन दिले, तेव्हा बहुतेकांच्या मनःस्थितीत विशेष बदल झाला नाही. अगदी मोजक्यांमध्ये तो ठळक होता. त्यामुळे शांत स्वभावाचा मुलगा घेत नसेलच असे नाही आणि रागीट मुलगा घेतच असेल असेही नाही.

"यांना नुसते आरशात पाहायचे असते." काहींना मस्क्युलर डिसमॉर्फिया हा मानसिक विकार असतो. शरीर भरलेले असूनही त्यांना ते किडकिडीतच वाटते. ते लग्नसमारंभ, परीक्षा, नोकरी सोडून व्यायामाच्या मागे लागतात. चेष्टा केल्याने हा विकार वाढतो. त्यावर मानसोपचार उपलब्ध आहेत.

"बाईचे दंड असे? नक्की औषध." वजन उचलल्याने स्त्री पुरुषी होत नाही. तिच्या हाडांसाठी तो व्यायाम चांगलाच असतो. केवळ स्नायू दिसतात म्हणून तिच्यावर शिक्का मारू नये.

रिपोर्ट वाचतानाही गल्लत होते

समज फक्त शेजाऱ्यांचेच नसतात, दवाखान्यातही असतात. पुढील चार बाबी तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडतील.

* एसजीओटी आणि एसजीपीटी: ही विकरे स्नायूंतही असतात. जोरदार व्यायामानंतर ती काही दिवस वाढलेली दिसू शकतात. यकृताचाच दोष आहे का, हे पाहण्यासाठी सीपीके आणि जीजीटी या तपासण्यांची मदत होते. शक्य असल्यास तपासणीआधी सुमारे आठवडाभर जड व्यायाम टाळा.
* क्रिएटिनिन: स्नायू जास्त असतील किंवा क्रिएटिन घेत असाल, तर मूत्रपिंड ठीक असूनही ते जरा जास्त येऊ शकते. शंका असल्यास सिस्टॅटिन सी ही तपासणी करता येते.
* बीएमआय: यात चरबी आणि स्नायू वेगळे मोजले जात नाहीत. व्यायामपटू त्यात लठ्ठ ठरू शकतो.
* रक्तदाब: जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा जास्त येतो. मोठा पट्टा मागा.

मात्र आपण औषधे घेत असाल तर हीच कारणे पुढे करून वाढलेले आकडे झाकू नका.

डॉक्टरांमध्येही मतभेद आहेत

जो स्टेरॉइड सोडायला तयार नाही, त्याच्या तपासण्या डॉक्टरांनी करत राहाव्यात का? काहींचे म्हणणे असे की त्यामुळे "डॉक्टरांच्या देखरेखीत घेतो" असा खोटा दिलासा मिळतो. दुसरी बाजू अशी की दारात उभे केले नाही तर तो जिममधल्या ओळखीच्याच सल्ल्याने चालेल. नेदरलँड्समधील हार्लेम येथे अशा व्यक्तींसाठी खास बाह्यरुग्ण विभाग चालवून त्यांचा अभ्यासही झाला आहे.

माझे मत असे: स्नायू वाढवण्यासाठी स्टेरॉइडची चिठ्ठी डॉक्टरांनी देऊ नये, आणि घेणाऱ्याला तपासायलाही नकार देऊ नये. सुरक्षित मात्रा अशी सांगता येत नाही. पण वाढलेला रक्तदाब आज सापडला, तर उद्याचा पक्षाघात टळू शकतो.

तुम्ही घेत असाल तर

* औषधांची नावे, मात्रा, किती आठवडे घेतली आणि शेवटचे कधी घेतले, हे लिहून न्या. कुपीचा फोटो काढून न्या.
* रक्तदाब, हिमोग्राम, कोलेस्टेरॉल, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच आणि गरजेप्रमाणे हृदयाची इको तपासणी करून घ्या.
* थांबवायचे ठरवले तर एकट्याने थांबवू नका. शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन पूर्ववत व्हायला काही महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. या काळात थकवा, लैंगिक इच्छा कमी होणे, खोल नैराश्य येऊ शकते. त्याला कंटाळूनच बरेच जण पुन्हा सुरू करतात.
* क्लोमिफेन किंवा टॅमॉक्सिफेन जिममधून घेऊन स्वतःच सुरू करू नका.
* मूल हवे असेल तर हे आधी सांगा. पूर्वीचा वापर लपवला आणि "टेस्टोस्टेरॉन कमी आहे" म्हणून पुन्हा तेच बाहेरून दिले गेले, तर शुक्राणू आणखी घटतात.

घरच्यांसाठी

बॅगा तपासण्याआधी बोलून पाहा. "तू घेतोस ना?" असा आरोप करण्यापेक्षा "जिममध्ये कुणी काही सुचवते का? तुला काय वाटते?" असे विचारा. उत्तर "हो" आले तर त्या क्षणी ओरडू नका. त्याने सांगितले, हीच मोठी गोष्ट आहे. आधी तपासणी करून घ्या. उत्तर "नाही" आले आणि खोटे मानायला ठोस कारण नसेल, तर विश्वास ठेवा आणि त्याच्या मेहनतीचे कौतुक करा.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा जावे?

* छातीत दुखणे, दम लागणे, चक्कर येऊन पडणे
* हात-पाय किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, बोलणे अडखळणे
* एका पायाला अचानक सूज व वेदना
* डोळे पिवळे होणे, पोटात तीव्र दुखणे
* इंजेक्शनच्या जागी लाली, सूज आणि ताप
* आत्महत्येचे विचार. अशा वेळी त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मोफत सेवेशी १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र बोलता येते.

रुग्णालयात पोहोचल्यावर स्टेरॉइड किंवा इतर काही घेतले असेल तर पहिल्याच प्रश्नाला ते सांगा. उपचार करणाऱ्याला ही माहिती योग्य औषध निवडण्यासाठी लागते.