अपर्णा पोपटची नऊ वर्षं

बॅडमिंटन म्हटलं की आमच्या नातवंडांच्या तोंडी सायना आणि सिंधू ही दोनच नावं येतात. त्यात त्यांची चूक नाही, पदकं त्यांनीच आणली. पण मंडळी, या दोघींच्या आधी एक मुंबईकर मुलगी सलग नऊ वर्षं राष्ट्रीय विजेती होती, आणि तिचं नाव विचारलं की घरात सगळे एकमेकांकडे बघतात. अपर्णा पोपट. १९९८ ते २००६, एकही वर्ष न चुकता. असा सलग नऊचा पराक्रम पुरुषांत प्रकाश पदुकोणचा, १९७१ ते १९७९. प्रकाशचं नाव आमच्या वरवंडातही माहीत आहे, अगदी ज्यांनी कधी रॅकेट धरली नाही त्यांनासुद्धा.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे कुठलीही गोष्ट सांगताना आधी थोडं मागे जायची खोड आहे. सांभाळून घ्या. या खेळाचे नियम १८७०च्या दशकात बांधले गेले ते आपल्या पुण्यात, गोऱ्या लष्करी साहेबांकडून. 'पूना' असंच नाव होतं तेव्हा या खेळाला. बॅडमिंटन हे नाव पुढे इंग्लंडातल्या एका ड्यूकच्या वाड्यावरून पडलं. वरवंडहून पुणं साठेक किलोमीटर, म्हणजे हा खेळ तसा आमच्या शेजारचाच!

आणि पुण्यानेच पहिल्या विजेत्या मुलीही दिल्या. क्रिकेटचे प्रा. दि. ब. देवधर सर्वांना माहीत आहेत, देवधर करंडक त्यांच्याच नावाचा. त्यांच्या तीन मुली, सुंदर, सुमन आणि तारा. १९४०च्या दशकात राष्ट्रीय विजेतेपदं या बहिणींनी घरी आणली. वडील संस्कृतचे प्राध्यापक, स्वतः मैदानावरचे. मुलींना खेळू नका म्हणणारं घर नव्हतं ते. त्या काळी हे किती दुर्मीळ, हे माझ्या वयाच्या बायकांना सांगायला नको. मात्र करंडक आणि टाळ्या यापलीकडे त्या खेळात मिळण्यासारखं काही नव्हतं. पोट भरायला खेळ ही कल्पनाच नव्हती. शिवाय बायकांच्या बाबतीत एक आणखी गंमत, लग्नानंतर आडनाव बदललं की जुन्या यादीतली ती हीच, हे कुणाला उमगत नाही.

मग मुंबईची अमी घिया. सात वेळा एकेरीची राष्ट्रीय विजेती, १९७६ साली अर्जुन पुरस्कार, आणि १९७८च्या एडमंटनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कंवल ठाकर सिंगबरोबर दुहेरीत कांस्यपदक.

आता अपर्णा. जन्म १९७८चा, मुंबईचा. लहानपणी अनिल प्रधान यांच्या हाताखाली ती तयार झाली. १९९४ साली बंगळूरला प्रकाश पदुकोणची अकादमी निघाली आणि ही सोळा वर्षांची मुलगी घर सोडून तिकडे गेली. या वयाशी मी जरा थांबते, कारण शिक्षिका म्हणून हे वय मी चांगलं ओळखते. खेड्यात आठवी-नववीपर्यंत पोरी वाऱ्यासारख्या पळतात. मैदानावर चुन्याची रेघ, जाळीऐवजी दोरी आणि प्लास्टिकचं फूल, एवढ्यावर बॅडमिंटनही खेळतात. (आमच्याकडचा वारा ते फूल उसात नेऊन टाकतो ते वेगळं.) दहावी आली की एकेक जण गळते. अभ्यास, घरकाम, मग स्थळं. अपर्णामागे मुंबईसारखं शहर होतं, बंदिस्त कोर्ट होतं, पिसांची फुलं परवडणारं घर होतं, हे मान्य. पण तरीही त्या वयात मुलीला परगावी ठेवायचं, तेही खेळासाठी, याला आईबापाचं काळीज लागतं.

फळ लवकर मिळालं. १९९६ साली डेन्मार्कमध्ये जागतिक कुमार स्पर्धेत रौप्य. १९९८ साली राष्ट्रीय विजेतेपद आणि त्याच वर्षी क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं रौप्य. २००२ला मँचेस्टरमध्ये कांस्य. सिडनी आणि अथेन्स, दोन ऑलिंपिक. अथेन्समध्ये शेवटच्या सोळांत पोचली, तिथे नेदरलँड्सच्या मिया ऑडिनाने तिला हरवलं. मधे २०००मध्ये सर्दीच्या साध्या औषधात बंदी घातलेला घटक निघाला आणि काही महिने खेळणंच बंद झालं. आपण घरात सर्दीची गोळी देताना कधी पाकीट वाचतो का? खेळाडूला ते वाचावं लागतं.

तरुण वाचकांसाठी एक गोष्ट सांगते. अपर्णाच्या वेळी गुण मोजायची रीत वेगळी होती. सर्व्हिस आपली असेल तरच गुण. नाहीतर डाव जिंकूनही फक्त सर्व्हिस परत मिळायची. बायकांचा गेम अकराचा. आकडा तिथेच आणि दम मात्र संपत आलेला, असं व्हायचं. २००६ पासून प्रत्येक डावाला गुण आणि एकवीसचा गेम सुरू झाला. म्हणून तिचे जुने निकाल बघून 'अकराच गुण?' म्हणू नका.

देशात नऊ वर्षं पहिली, जगात मात्र चीन, डेन्मार्क, इंडोनेशियाच्या मुली पुढे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि माझ्या मते त्यामुळेच ती विस्मरणात गेली. आपल्याकडे पदक आणलं नाही तर वर्षानुवर्षं टिकून राहणं मोजत नाहीत. वर्गात पहिला येणारा लक्षात राहतो, दहा वर्षं एकही दिवस गैरहजर न राहिलेला कुणाला आठवतो? आणि हे टिकणं चाललं ते पगारावर. व्यावसायिक खेळाडू म्हणजे आपल्याकडे तेव्हा तेल कंपनीची नोकरी, तिची इंडियन ऑइलमध्ये. अर्जुन पुरस्कार तिला मिळाला तो २००५ सालचा, म्हणजे कारकीर्द संपत आल्यावर.

शेवटचं विजेतेपद २००६चं, बंगळूरला. अंतिम सामन्यात समोर होती पंधरा-सोळा वर्षांची सायना नेहवाल. अपर्णा जिंकली. पण मनगट दुखावलेलं होतं, आणि त्याच वर्षी तिने खेळ सोडला. त्याच वर्षी सायनाने फिलिपिन्स ओपन जिंकली. पुढे २०१२ साली लंडनला सायनाचं कांस्य, २०१६ला रिओत सिंधूचं रौप्य, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मधल्या काळात, २०१३ साली, देशात बॅडमिंटनची पहिली लीग निघाली. लिलावात हैदराबादच्या संघाने सायनाला १,२०,००० डॉलर देऊन घेतलं. तेव्हा अपर्णा पस्तीस वर्षांची होती, आणि तिला खेळ सोडून सात वर्षं झाली होती.