फोडांवाटे दुखणं बाहेर पडत नाही

उरण तालुक्यातल्या चिरनेरसारख्या भातशेतीच्या गावात लावणीच्या दिवसांत कंबर धरतेच. पूर्वी तिच्यावर बिब्बा घालत. आता मेडिकलमधून वेदनाशामक पट्टी येते. समजूत मात्र जुनीच आहे: आग झाली, फोड आले, म्हणजे दुखणं बाहेर पडतंय. म्हणून कंबरेवर लालभडक चौकोन उमटला तरी त्यावरच दुसरी पट्टी चिकटवली जाते.

या समजुतीला थोडा आधार आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. मिरचीतलं आणि अशा काही पट्ट्यांतलं कॅप्सायसिन उष्णतेची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंनाच चेतवतं; त्यामागची यंत्रणा उलगडणारे डेव्हिड ज्युलियस २०२१च्या नोबेलचे एक मानकरी. तेव्हा पट्टीखाली ऊब किंवा चुणचुण जाणवणं साहजिक आहे. पण चुणचुण वेगळी आणि इजा वेगळी. मेंथॉल, मिथाइल सॅलिसिलेट, कॅप्सायसिन यांच्या मलम-पट्ट्यांनी कातडी खरोखर भाजल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये इशारा दिला होता. काहींना तर एकदाच लावून भाजलं होतं.

राहिला बिब्बा. परिटाने कपड्यावर बिब्ब्याने खूण केली, तर त्या खुणेखाली धडधाकट माणसाच्या मानेवरही पुरळ उठतं. त्याचं कोणतं दुखणं बाहेर पडत असतं? बिब्बा उततो तो त्याच्या तेलाने. फोडातलं पाणी म्हणजे सुजलेल्या कातडीत झिरपलेला द्रव, कंबरेच्या स्नायूंतली कळ नव्हे. परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी आयुर्वेदातलं रसशास्त्रही पाहावं: तिथे भिलावा, म्हणजे हाच बिब्बा, उपविषांत मोडतो आणि विटेच्या चुऱ्यात घासून शुद्ध केल्याशिवाय औषधात घेत नाहीत.

पट्टीचं पुरळ नीट पाहिलं तर बरंच कळतं. लाली पट्टीच्या कडेपाशीच थांबली आणि पट्टी काढल्यावर ओसरली, तर बहुधा घाम, चिकटपणा किंवा ओढ यांचा त्रास. खाज एक-दोन दिवसांनी सुरू झाली, पुरळ कडेबाहेर पसरलं, तर अ‍ॅलर्जीचा संशय घ्यावा. ती औषधाची असेल किंवा डिंकातल्या राळेचीही. मग ती पट्टी पुन्हा लावू नये.

पट्टी कोमट पाण्याने भिजवून, केसांच्या दिशेने, हळू काढावी. जागा सौम्य साबणाने धुवावी. फोड फोडू नयेत; हळद, चुना, टूथपेस्ट काही थापू नये. लालीवर दुसरी पट्टी नको, आणि पट्टीवर गरम पाण्याची पिशवी तर नकोच, कारण उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं. किटोप्रोफेनचं औषध लावलेल्या भागाला वापरताना आणि नंतर दोन आठवडे ऊन लागू देऊ नये. लावणीला वाकलं की नेमकी कंबरच उघडी पडते. धाप लागली किंवा चेहरा सुजला, तर तडक दवाखाना गाठावा.

आणि रिकामं पाकीट टाकू नये. त्यावरचे घटक पाहिले, तरच औषध बाधलं की डिंक, हे शोधायला त्वचारोगतज्ज्ञाला धागा मिळतो.