मोडीपासून ई-कचऱ्यापर्यंत
जुनी वस्तू देण्यामागची सर्वांत जुनी प्रेरणा म्हणजे मोडीचा भाव. फुटकी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालून नवी घ्यायची, ही महाराष्ट्रभरची रीत. अर्थात सगळाच धातू वितळला नाही. नसरापूरच्या बनेश्वर मंदिरात १६८३ सालची पोर्तुगीज घंटा देवाच्या सेवेत लागली. पुढे रेडिओ, टीव्ही भंगारवाल्याकडे गेले. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. ई-कचऱ्याचे केंद्रीय नियम १ मे २०१२ पासून लागू झाले आणि तो गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. तरी भंगारवाल्याचे पारडे जडच, कारण तो दारात येऊन रोख देतो. पुण्याच्या ‘पूर्णम इकोव्हिजन’च्या ई-यंत्रण मोहिमेत मात्र लोक पर्यावरणासाठी वस्तू देतात. जुना मोबाइल तेवढा कपाटात राहतो. त्यातल्या फोटोंची आणि खासगी माहितीची धास्ती भावापेक्षा मोठी ठरते.