नळी बसल्यावर थांबायचे का? पोटाच्या डायलिसिसमधील दोन आठवड्यांचा इतिहास

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या एखाद्या कामगाराची मूत्रपिंडे निकामी झाली, तर प्रत्यारोपण होईपर्यंत त्याच्यापुढे दोन वाटा असतात. पहिली हिमोडायलिसिसची: आठवड्यातून दोन-तीनदा केंद्रात जायचे आणि दर वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडलेले राहायचे. दुसरी पोटाच्या डायलिसिसची: पोटात एक मऊ नळी कायमची बसवून घ्यायची आणि घरच्या घरी दिवसातून तीन-चार वेळा द्राव आत सोडून पुन्हा बाहेर काढायचा. ही दुसरी वाट धरणाऱ्याला एक सूचना बहुधा मिळतेच. नळी बसली तरी दोन आठवडे थांबा.

हे दोन आठवडे आले कोठून? डायलिसिसच्या आरंभी ते नव्हतेच.

पोटातील अवयवांना आणि उदराच्या भिंतीला आतून वेढणारे एक पातळ आवरण असते. त्यात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे पसरलेले असते. साखर आणि क्षार मिसळलेला द्राव पोटात काही तास ठेवला, की रक्तातील दूषित द्रव्ये या आवरणातून झिरपून द्रावात उतरतात आणि साखरेच्या ओढीने जादा पाणीही येते. जर्मनीतील गेओर्ग गांटर यांनी १९२३ मध्ये प्राण्यांवर आणि मग माणसावर हा प्रयोग करून पाहिला. १९४६ मध्ये बॉस्टन येथे फाइन, फ्रँक आणि सेलिगमन यांनी या पद्धतीने मूत्रपिंडे तात्पुरती बंद पडलेला रुग्ण वाचवल्याचे नोंदवले. १९५९ मध्ये मॉर्टन मॅक्सवेल यांनी एकच नायलॉनची नळी आणि बाटलीतला तयार द्राव वापरून ही रीत सोपी केली.

या सर्व काळात नळी घातली, की त्याच घटकेला द्राव सोडला जाई. एक-दोन दिवसांत काम संपले, की नळी काढून टाकत. भारतातील रुग्णालयांतही पुढे अनेक वर्षे हीच रीत चालली. जुलाब, हिवताप, सर्पदंश किंवा बाळंतपणातील रक्तस्राव यांमुळे मूत्रपिंडे अचानक बंद पडली, तर खाटेवरच पोटात ताठ नळी घालून डायलिसिस सुरू होई. जखम भरण्याची वाट पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण नळी पोटात राहणारच नव्हती.

खरी अडचण होती ती मूत्रपिंडे कायमची गेलेल्या रुग्णांची. त्यांची कथा सिएटल या शहरात घडते. तेथे १९६० मध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातावर कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसवून दीर्घकालीन हिमोडायलिसिस शक्य केले. यंत्रे मात्र इतकी थोडी होती, की कोणाला उपचार द्यायचा आणि कोणाला नाही हे ठरवायला नागरिकांची एक समिती नेमावी लागली. १९६२ मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकाने ही हकिगत छापली आणि अमेरिकेत खळबळ उडाली. वैद्यकीय नीतिशास्त्राच्या इतिहासात ही समिती आजही चर्चिली जाते. तिच्या सावलीत त्याच शहरात चाललेले दुसरे काम त्या मानाने दुर्लक्षित राहिले.

ते काम फ्रेड बून यांचे. त्यांनी पोटाच्या डायलिसिससाठी स्वयंचलित यंत्र उभे केले. नळी पोटात कायम ठेवली तर जंतुसंसर्ग होई, म्हणून ते दर खेपेला नवे छिद्र पाडत. त्यांचे सहकारी हेन्री टेंकहॉफ तर रुग्णाच्या घरी जाऊन नळी घालून येत. वैद्याने दर आठवड्याला घरी येऊन पोटाला छिद्र पाडावे, हा उपचार किती जणांना पुरणार? या कोंडीतून टेंकहॉफ यांची नळी जन्मली. १९६८ मध्ये त्यांनी आणि शेश्टर यांनी ती प्रसिद्ध केली. मऊ सिलिकॉनची ही नळी होती आणि तिच्यावर डेक्रॉन धाग्याची दोन कडी होती. शरीरातील ऊती त्या धाग्यांत शिरून वाढतात आणि नळी जागच्या जागी रुजते. कलम बांधल्यावर सांधा जुळायला वेळ लागतो, तसाच येथेही लागतो. हे रुजणे काही आठवड्यांचे असते.

तरीही त्या काळी गळतीची फारशी ओरड झाली नाही. रुग्ण यंत्राला जोडून आडवा पडलेला असे आणि उठण्यापूर्वी पोट रिकामे केले जाई. आडव्या माणसाच्या पोटातला दाब कमी असतो. उभे राहिल्यावर तो वाढतो, बसल्यावर आणखी वाढतो, आणि खोकला आला किंवा जोर लावला तर एकदम उसळतो. आत दोन लिटर द्राव असेल, तर हा सारा भार नळीभोवतीच्या कच्च्या जखमेवर येतो.

रुग्ण खाटेवरून उठला तो १९७६ मध्ये. टेक्सासमधील ऑस्टिन येथे अभियंता रॉबर्ट पोपोविच आणि डॉक्टर जॅक मॉन्क्रीफ यांनी सुचवले, की द्राव दिवसरात्र पोटातच ठेवावा, तो काही तासांनी बदलावा आणि रुग्णाने आपले व्यवहार करत राहावे. ज्या परिषदेकडे त्यांनी आपला निबंध पाठवला, तिने तो नाकारला. पुढे टोरांटोचे डिमिट्रिओस ओरिओपुलोस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या वापरल्या. रिकामी पिशवी घडी करून कपड्यांखाली ठेवता येऊ लागली, आणि ही पद्धत ‘सीएपीडी’ या नावाने जगभर गेली. भारतात ती १९९१ च्या सुमारास आली.

या स्वातंत्र्याची किंमत नळीच्या मुळाशी मोजावी लागली. चालत्या-फिरत्या माणसाच्या पोटातला द्राव न रुजलेल्या नळीच्या कडेने पाझरू लागला. पाझर म्हणजे केवळ ओली पट्टी नव्हे. द्राव त्वचेखाली साचतो, जंतूंना वाट मिळते आणि उपचार थांबवावा लागतो. म्हणून नळी बसवल्यावर थांबण्याचा नियम रूढ झाला. गंमत अशी, की रुग्णाला चालायला लावणाऱ्या मॉन्क्रीफ आणि पोपोविच यांनीच १९९० च्या दशकात नळीचे बाहेरचे टोकही काही आठवडे त्वचेखाली पुरून ठेवण्याची युक्ती मांडली.

नियम शहाणपणाचा होता, पण ज्याच्यापाशी वेळ आहे त्याच्यासाठी. मूत्रपिंडाचा आजार बहुधा गाजावाजा न करता वाढतो. कित्येक रुग्ण वैद्याकडे पोचतात तेव्हा धाप लागलेली असते आणि रक्तातले पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेलेले असते. अशा माणसाला दोन आठवडे थांबवायचे, तर मधल्या काळात मानेच्या शिरेत तात्पुरती नळी घालून हिमोडायलिसिस करावे लागते. ती नळी स्वतःच जंतुसंसर्गाचे मोठे कारण ठरते. शिवाय एकदा यंत्राच्या वाटेला लागलेला रुग्ण पुष्कळदा तेथेच राहतो आणि पोटाचे डायलिसिस मागे पडते. प्रतीक्षेचा हा तोटा बराच काळ कोणी फारसा मोजलाच नाही.

२००६ मध्ये डेन्मार्कच्या पोव्लसेन आणि इवार्सेन यांनी नळी बसवल्यापासून चोवीस तासांत सुरुवात केलेल्या रुग्णांची तुलना नियोजनपूर्वक सुरुवात केलेल्यांशी केली. नळीच्या तक्रारी घाईच्या गटात अधिक होत्या, पण जंतुसंसर्ग वाढलेला दिसला नाही. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथील चाचणी प्रसिद्ध झाली. तीत १२२ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले होते. एका आठवड्याने सुरुवात केलेल्यांत गळतीचे प्रमाण २८.२ टक्के, दोन आठवड्यांनी ९.५ आणि चार आठवड्यांनी २.४ टक्के निघाले. संसर्गात मात्र येथेही ठळक फरक आढळला नाही. म्हणजे थांबण्याने नळी कोरडी राहते हे खरे, पण न थांबणे म्हणजे रुग्ण दगावणे नव्हे.

२०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत दोन्ही गोष्टींना जागा मिळाली. सवड असेल तर किमान दोन आठवडे थांबावे. नसेल तर लगेच सुरू करावे, मात्र रुग्णाला आडवे ठेवून, थोडाच द्राव सोडून आणि उठण्यापूर्वी पोट रिकामे करून. बून यांच्या यंत्राशेजारी सिएटलचा रुग्ण असाच पडून राहत असे.

भारतातही त्याच वर्षी एक बदल झाला. २०१६ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आरंभी जिल्हा रुग्णालयांतील हिमोडायलिसिसपुरता होता. २०१९ मध्ये केंद्र सरकारने पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या.